नमाजेत श्वासाकडे लक्ष जातं

*मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय छत्तीस. आमच्याकडे परिपाठानंतर मुलांकडून दहा मिनिटं आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहणं, करून घेतात. मुलांबरोबर मीही डोळे मिटून बसू लागले. गेल्या वर्षी अम्मी गेली, तेव्हापासून माझी झोप उडाली होती. या दहा मिनिटांमुळे असेल, ती थोडी परत आली. माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाई बौद्ध आहेत, जिवाभावाची मैत्रीण. ती म्हणते, दिवाळीच्या सुट्टीत इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला चल. अब्बा म्हणतात, ते बुद्धाचं आहे, आपल्याकडे जिक्र, म्हणजे अल्लाहचं स्मरण, असताना बाहेर जायची गरज काय? मैत्रीण म्हणते, सगळं एकच गं, फक्त नावं वेगळी. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही आणि खोडताही येत नाही. शिवाय एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. हल्ली नमाजेला उभी राहिले की लक्ष आपोआप नाकपुड्यांपाशी जातं. श्वास येताना-जाताना कळतो, बरं वाटतं. पण मग माझी नमाज होते का? — न. (पूर्ण नाव छापू नये)*

न. ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे दोन त्याच्याच पोटात आहेत.

नमाज झाली की नाही, हा निकाल देण्याचा मला अधिकार नाही. तो एखाद्या जाणत्या आलिमांना, धर्मशास्त्र शिकलेल्यांना, विचारा, न लाजता विचारा. नमाजेत लक्ष भरकटण्याबद्दल त्यांना तुम्ही पहिल्यांदाच विचारणार आहात असं अजिबात नाही. हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतच, म्हटलंय की सैतान नमाजेत येऊन माणसाला इतकं गुंतवतो की किती रकात, म्हणजे नमाजेची किती आवर्तनं, झाली हेही त्याला आठवत नाही. म्हणजे तुमची अडचण चौदाशे वर्षं जुनी आहे. नवीन एवढंच, की तुमचं मन बाजारहाटाकडे किंवा शाळेच्या अहवालाकडे न जाता श्वासाकडे जातं, आणि तिथे शांत वाटतं म्हणून ते भरकटणं वाटतच नाही.

मला विचाराल तर ते भरकटणंच आहे.

का म्हणते ते सांगते. सूरह फातिहा, कुरआनचा पहिला अध्याय, तुम्ही दिवसातून कितीदा तरी म्हणता. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसनुसार बंदा ‘अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ म्हणतो, तेव्हा अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली. पुढच्या प्रत्येक ओळीला असंच उत्तर आहे. ‘इय्याक नअबुदु’ (आम्ही तुझीच उपासना करतो) इथे आल्यावर अल्लाह म्हणतो, हे माझ्या आणि माझ्या बंद्यामधलं आहे, आणि त्याने जे मागितलं ते त्याला मिळेल. म्हणजे फातिहा हे पाठांतर नाही, बोलणं आहे. समोरून उत्तर येतंय आणि आपण मात्र आपली नाडी मोजत उभे आहोत, असं काहीसं तुमचं होतंय.

आता आनापानाची सूचना आठवा. श्वास जसा आहे तसा पाहायचा, लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. त्याला शब्द जोडायचा नाही, चित्र नाही, कुणाचं नाव नाही, बुद्धाचंसुद्धा नाही. विपश्यनेची ही शिबिरं सुरू करणारे गोयंका गुरुजी हे फार बजावून सांगत. नाव घेतलं की मन लवकर एकाग्र होतं हे त्यांनाही मान्य होतं, पण त्यांना एकाग्रता हवी होती ती शरीर-मनात काय चाललंय ते पाहण्यापुरती. त्या बसण्यात कुणाशी बोलायचं नसतं, कुणी ऐकत असतं असंही नाही.

माझी स्वतःची फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी इगतपुरीला बसले होते. आईने लहानपणी लावलेली रामनामाची सवय माझ्या श्वासाला अशी चिकटलेली की आत ‘रा’, बाहेर ‘म’, मी काही न करता. गुडघे ठणकत होते, नामाने वेळ बरा जात होता. तिसऱ्या दिवशी सहायक आचार्यांनी जवळ बोलावून विचारलं, काही जप वगैरे चालू नाही ना? मी म्हटलं, नाही. धडधडीत खोटं. दुपारभर त्याचीच टोचणी लागली. संध्याकाळी लक्षात आलं की मी नाम मनापासून घेतलं नव्हतं आणि श्वासही नीट पाहिला नव्हता. दोन्हीकडे नाव घातलं होतं, हजेरी कुठेच नव्हती. तुम्ही शिक्षिका आहात, असा विद्यार्थी तुम्ही पाहिलेला असणार.

तेव्हा शाळेतल्या दहा मिनिटांत श्वास पाहा आणि नमाजेत नमाज पढा. पण शाळेत जे शिकलात ते नमाजेला उपयोगी नाही, असं मात्र समजू नका. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध आचार्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ लिहिला, त्यात एक दृष्टान्त आहे. रानटी गाईचं दूध पिऊन वाढलेलं उनाड वासरू गुराखी खांबाला बांधतो. ते हिसके देतं, पळू पाहतं, पण दावं पक्कं असल्याने अखेर खांबापाशीच बसतं. वासरू म्हणजे मन, दावं म्हणजे सति, म्हणजेच स्मृती किंवा जाग. आनापानात खांब श्वासाचा. तुम्ही शाळेत शिकताय ते दावं वळायला. मन सुटलं हे कळणं आणि चिडचिड न करता ते परत आणणं. ते दावं घरी न्या, खांब मात्र तिथला वापरा. नमाजेत खांब म्हणजे जे शब्द तोंडात आहेत ते. एक साधी गोष्ट करा: फातिहाच्या सातही आयतींचा अर्थ शब्दागणिक पाठ करा, उर्दूतून करा नाहीतर मराठीतून. आपल्यापैकी कितीतरी जण, मग संस्कृत स्तोत्रं असोत, पालीतली वंदना असो की अरबी आयती, न कळणारे शब्द आयुष्यभर प्रेमाने म्हणतो. पण अर्थाविना म्हटलेल्या शब्दांत मनाला धरायला काही सापडत नाही, मग ते नाकाशी जाऊन बसतं. त्याची फार चूक नाही. नमाजेत मनाने हजर असण्याला मुसलमान परंपरेत खुशू म्हणतात.

आता अब्बांचं म्हणणं. ‘आपल्याकडे जिक्र आहे’ हे ते उगाच म्हणत नाहीत. तुमच्या शहरात तर मुळीच उगाच नाही.

पाणचक्कीला तुम्ही मुलांची सहल नेली असेल. चक्की, हौद, मासे दाखवून परत. त्याच आवारात बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. ते नक्शबंदी सिलसिल्याचे, म्हणजे त्या नावाच्या सूफी गुरुपरंपरेचे, बुखाराकडच्या मुलखातून दख्खनमध्ये आलेले. या सिलसिल्याची शिस्त बाराव्या शतकात अब्दुल खालिक गुजदुवानी यांनी फारसीतल्या आठ छोट्या सूत्रांत बांधली. पहिलं सूत्र ‘होश दर दम’, श्वासाश्वासात जाग. दुसरं ‘नजर बर कदम’, चालताना नजर पावलांवर. आणखी एक ‘खल्वत दर अंजुमन’, चारचौघांत असून एकांत. शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्या कुणालाही या सूत्राची किंमत कळेल. शाहगंजला निजामुद्दीन औरंगाबादी यांची मजार आहे. ते चिश्ती या दुसऱ्या सूफी सिलसिल्याचे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे. त्यांनी फारसीत जिक्राच्या पद्धतींवर ‘निजाम-उल-कुलूब’ नावाची अख्खी पोथी लिहिली. चिश्त्यांकडे ‘पास-ए-अन्फास’ नावाचीच साधना आहे, म्हणजे श्वासांची राखण.

हे वाचून तुमची मैत्रीण टाळी देईल आणि म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हते? साम्य आणखीही आहे. कुरआनच्या तिसऱ्या सूरहमध्ये, 191व्या आयतीत, उभे असताना, बसले असताना, कुशीवर पडले असताना अल्लाहचं स्मरण करणाऱ्या आणि आकाश-पृथ्वीच्या निर्मितीवर विचार करणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. सतिपट्ठान सुत्तात भिक्खूला सांगितलंय की चालताना, उभा असताना, बसला असताना, पडला असताना आपण काय करतोय ते जाणत राहा. मृत्यूचं नित्य स्मरण तर दोन्हीकडे, आणि दोन्हीकडे ते घाबरवण्यासाठी नाही. बौद्ध त्याला मरणानुस्सति म्हणतात. इमाम गझालींनी (1058–1111) ‘इह्या उलूमिद्दीन’ या चाळीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा, चाळिसावा भाग मृत्यूच्या स्मरणाला दिला. त्याच्या आधीचा, एकोणचाळिसावा, तफक्कुरचा, म्हणजे चिंतनाचा. अडतिसावा मुराकबा आणि मुहासबा यांचा. मुहासबा म्हणजे स्वतःचा रोजचा हिशेब. (गंमत पाहा, गोयंका गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. हिशेबाची माणसं या वाटेला लागतात की काय कोण जाणे.)

तरीही मैत्रिणीचं ‘सगळं एकच’ मला पटत नाही. ती ते प्रेमाने म्हणते, पण त्या प्रेमात थोडी घाई आहे.

‘होश दर दम’कडेच नीट पाहा. त्याचा अर्थ, एकही श्वास अल्लाहच्या विस्मरणात आत येऊ नये, बाहेर जाऊ नये. इथे श्वास हे वाहन आहे, त्यावर आठवण बसते. आनापानात वाहन रिकामंच पाहायचं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही माणसं सारखीच दिसतील, डोळे मिटून गप्प बसलेली. आतलं काम मात्र निराळं.

‘मुराकबा’ या शब्दातच ते दडलंय. आपण त्याचं भाषांतर सरसकट ‘ध्यान’ करतो. पण त्याचा धातू राखण करणं, नजर ठेवणं असा आहे, आणि ‘अर्-रकीब’ हे अल्लाहच्या नावांपैकी एक. जिब्रीलच्या हदीसमध्ये इहसान म्हणजे काय असं विचारलं जातं, तेव्हा पैगंबर सांगतात: तू अल्लाहची इबादत अशी कर की जणू तू त्याला पाहतो आहेस, आणि तू त्याला पाहत नसलास तरी तो तुला पाहतोच आहे. मुराकब्याचा सगळा डोलारा या दुसऱ्या वाक्यावर उभा आहे. आपण पाहिले जातोय या जाणिवेत बसून राहायचं. विपश्यना या शब्दातही पाहणं आहे, पण तिथे पाहायचं आपण. श्वास, मग अंगावरच्या संवेदना, त्यांचं उमटणं आणि विरणं, अनित्य, अनित्य. पाहत पाहत गेलं की ज्याला ‘मी’ म्हणतो तोही धरून ठेवण्याजोगा सापडत नाही, असं बुद्धाचं सांगणं, अनत्ता. सूफी ‘फना’बद्दल बोलतात तेव्हाही ‘मी’ पुसला जातो, म्हणून पुष्कळ लोक या दोन्ही गोष्टी एकाच खणात ठेवतात. पण फनानंतर बका, म्हणजे टिकून राहणं, आहे. बंद्याचा ‘मी’ पुसल्यावर उरतो तो अल्लाह. बौद्धांकडे उरणाऱ्या अशा कुणाचा विषयच नाही.

हा फरक पंडितांपुरता नाही. रात्री अडीचला जाग येते, अम्मी आठवते, छाती भरून येते, तेव्हा हा फरक तुमच्या अंथरुणात असतो. एक रीत सांगते, छातीतली ही भरून आलेली गोष्ट पाहा, ती आली तशी जाईल. दुसरी सांगते, तू एकटी जागी नाहीस. मी दोन्ही आपापल्या जागी खऱ्या मानते. पण एकाच क्षणी दोन्ही करता येत नाहीत, निदान मला तरी आल्या नाहीत.

एक मात्र मैत्रिणीच्या बाजूने सांगायला हवं. बौद्ध धम्म म्हणजे फक्त डोळे मिटणं, असंही आपण उगाच धरून चालतो. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर पुरुषभर उंचीची माणसं गुडघे टेकून, हात जोडून बसलेली कोरली आहेत. अलंकार घातलेली, केस बांधलेली संसारी माणसं. त्यांचं काय चाललंय? श्वास मोजणं नक्कीच नाही. वंदन चाललंय. आणि तुमच्या मैत्रिणीच्या समाजातही विपश्यनेबद्दल एकमत नाही. बाबासाहेबांचा धम्म माणसामाणसांतल्या न्यायाबद्दल आहे, दहा दिवस गप्प बसण्याबद्दल नाही, असं म्हणणारे तुम्हाला तुमच्याच शहरात भेटतील. जसं मुराकबा, सिलसिले हे सगळं बिदअत, म्हणजे धर्मात नंतर घुसवलेलं, आहे म्हणणारे मुसलमानही भेटतात. तेव्हा ‘बौद्धांचं ध्यान’ आणि ‘इस्लामचं जिक्र’ अशी दोन गाठोडी समोरासमोर ठेवण्याइतकी ही गोष्ट सोपी नाही.

इगतपुरी. इथे मी गोल बोलणार नाही.

दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे जातात, मध्ये दहा-साडेदहा तास बसणं. साडेतीन दिवस आनापान, मग विपश्यना, दहाव्या दिवशी मैत्रीभावना शिकवतात आणि मौन सुटतं. पैसे घेत नाहीत, शेवटी स्वेच्छेने दान. हे सगळं तुम्हाला मैत्रिणीने सांगितलं असेल. तिने कदाचित न सांगितलेलं असं की, नियमावलीत स्पष्ट लिहिलंय: शिबिराच्या काळात प्रार्थना, पूजा, उपवास, जपमाळ, मंत्र, सगळं थांबवायचं. त्यात नमाज आली. सुरुवातीला बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाण्याचे शब्दही म्हणायचे असतात. ते बुद्धाच्या गुणांना शरण जाणं आहे, व्यक्तीला नव्हे, असा खुलासा केला जातो. तो प्रामाणिक आहे. पण तो तुम्हाला पुरेल का, हे तुम्हीच ठरवायचं.

हा नियम कुणाच्या धर्माचा अपमान म्हणून केलेला नाही. एका पद्धतीला दहा दिवस निर्भेळ संधी द्या, एवढंच त्यांचं मागणं. माझ्या रामनामाला जे लागू होतं तेच नमाजेला. पण इस्लामच्या बाजूने पाहिलं तर प्रवासात नमाज आखूड होते, आजारात बसून, पडून, नुसत्या इशाऱ्याने पढता येते. ‘आपल्या मर्जीने दहा दिवस थांबवली’ याला मात्र जागा नाही. इथे दोन नियम समोरासमोर येतात आणि दोन्ही आपापल्या घरात रास्त आहेत. मैत्रीण म्हणेल, खोलीत गुपचूप पढ, कोण बघतंय? तसं करू नका. तुमच्याकडे तर ‘कोण बघतंय’ या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे.

म्हणून माझं मत, या दिवाळीत जाऊ नका. मुसलमान जातात, जाऊन आलेले मला ठाऊक आहेत. त्यांनी आपापल्या मनाशी काय ठरवलं ते त्यांचं. पण ज्या बाईला नमाजेत श्वास दिसला म्हणून टोचणी लागते, तिला पन्नास नमाजा सोडून शांती लाभेल असं मला वाटत नाही. दुसरं कारण अम्मी. दुःख ओलं असताना दहा दिवसांचं मौन काहींना जड जातं. झोप पुन्हा उडाली, जेवण सुटलं, तर आधी डॉक्टरांकडे जा. शिबिराच्या अर्जातही प्रकृतीबद्दल, मनाच्या आजारांबद्दल विचारतात, ते उगाच नाही.

शाळेतली दहा मिनिटं मात्र सोडू नका. आपला श्वास आपण पाहणं यात कुणाची पूजा होते असं मला दिसत नाही. अब्बांना वेगळं वाटलं तर ते कुणा आलिमांना विचारू द्या, तुम्हीही सोबत जा.

आणि दहा दिवसच हवे असतील, तर ते तुमच्या घरात आहेत. रमजानचे शेवटचे दहा दिवस, एतिकाफ, म्हणजे बाकी सगळं सोडून इबादतीसाठी एका जागी बसणं. हनफी घरांत बायका घरातल्याच एका कोपऱ्यात, नमाजेच्या ठरलेल्या जागी एतिकाफ करतात. (कोकणातल्या शाफई मैत्रिणींना विचाराल तर त्या सांगतील, आमच्यात एतिकाफ मशिदीतच. हनफी आणि शाफई यांचा फिकह, म्हणजे धर्मनियमांचा अर्थ लावण्याची रीत, वेगळा आहे.) शाळा चालू असताना पूर्ण दहा दिवस जमणार नाहीत. नफल, म्हणजे ऐच्छिक, एतिकाफ थोड्या वेळाचाही करता येतो, एखाद्या रविवारपासून सुरुवात करा. मोबाईल दुसऱ्या खोलीत. तुमच्या मैत्रिणीला सांगा की तू इगतपुरीला जा, मी इथे बसते, परत आल्यावर चहाला भेटू. तिने काय पाहिलं ते ऐकायला मलाही आवडेल.

शेवटचं, अब्बांबद्दल. ‘आपल्याकडे जिक्र आहे’ असं ते म्हणाले, पण तो त्यांनी तुम्हाला कधी शिकवला, असं पत्रात कुठे आलेलं नाही. घराघरांत असंच होतं. आहे म्हणून सांगतात, कपाटाची किल्ली देत नाहीत. उद्या फजरनंतर, पहाटेच्या नमाजेनंतर, त्यांच्या शेजारी जाऊन बसा. वाद घालू नका, इगतपुरीचा विषय काढू नका. फक्त विचारा की अब्बा, तुम्हाला हे कुणी शिकवलं? एखादं नाव निघेल, एखादं गाव निघेल. कदाचित अम्मीचंही काही निघेल. मग त्यांच्याबरोबर तस्बीहचा, जपमाळेचा, एक फेरा पुरा करून शाळेला जा.